स्थितीची नोंद

हाप्सालूच्या संग्रहालयात सहा आठवडे,
बिनपगारी. बसचा पास तेवढा मिळाला
आणि तळघराची एक किल्ली,
जी उलटी फिरवावी लागते.

पहिल्या दिवशी हेल्वेबाईंनी माझं पेन काढून घेतलं.
इथं फक्त पेन्सिल.
दुसऱ्या दिवशी एक शब्द काढून घेतला.
मी लिहिलं होतं: टोपली, वेताची, खराब.
"खराब हे तुझं मत झालं, केर्तू.
डाग कुठं, केवढा, कडा कोरडी की ओलसर, ते लिही.
टोपलीचं काय झालं ते सांग.
तुला काय वाटलं ते टोपलीला नको आहे."

मग ती सवयच जडली.
बसमध्ये समोरचे आजोबा: कोट, लोकरी, करडा,
डाव्या बाहीला तीन बटणं, मधलं दुसऱ्याच कोटाचं.
घरी आई: उंची पूर्वीपेक्षा किंचित कमी.
रविवारी हेलसिंकीहून इंद्रेकचा फोन येऊन गेला
की आवाजात एक बारीक चीर,
सोमवारी दुपारपर्यंत टिकते.
कारण अज्ञात.
(पुरावा नसेल तर तसंच लिहायचं असतं,
कारण घरातल्या सगळ्यांना माहीत असलं तरी.)

चौथ्या आठवड्यात काचेच्या प्लेटा निघाल्या.
क्रमांक चारशे सतरा:
गोठलेल्या खाडीवर अकरा माणसं आणि एक घसरगाडी,
सगळं उलटं, काळा बर्फ, पांढरे कोट, काळे चेहरे.
टोकाचा पोरगा ऐन वेळी हलला असणार,
त्याच्या मानेवर नुसता धूर.
नाव एकाचंही नाही.
चिठ्ठीवर एवढंच, की बर्फावरचा रस्ता त्या दिवशी सुरू झाला.

हातमोजा बोटांना ढिला होता.
प्लेट निसटेल म्हणून काढला.
झालं ते एवढंच.

दिव्यासमोर काच धरली, तर पोराच्या शेजारी,
मोकळ्या बर्फावर, कुणीतरी उभं होतं.
बारावं.
वळ्यावळ्यांचं, बिनडोळ्यांचं, माझ्या अंगठ्याएवढं.

मी घाईनं बाही पुढं केली.
हेल्वेबाई ओरडल्या नाहीत.
"पुसशील तर एकाची दोन नुकसानं होतील," म्हणाल्या
आणि कोरा कागद पुढं सरकवला.

लिहिलं: उजवा कोपरा, थराच्या बाजूला, ठसा,
अठरा मिलिमीटर, ताजा.
कारण
आणि तिथं पेन्सिल थांबली.
"याचं माहीत आहे," त्या म्हणाल्या,
"पुरावाही आहे."

कारण: केर्तू साल्लास्ते, प्रशिक्षणार्थी, हातमोज्याविना.

तीन वर्षं तार्तूला इतिहास शिकतेय,
तळटीपा, संदर्भसूची, सगळं जिथल्या तिथं,
आणि इतिहासात पहिल्यांदा सही करायची वेळ आली
तर अंगठा उठवून आले.

हेल्वेबाई बराच वेळ खण शोधत राहिल्या.
मग एक पिवळं कार्ड माझ्यापुढं ठेवलं.
टोपली, वेताची. तीच.
तळाशी कॉफीचा डाग, दोन सेंटिमीटर, कडा कोरडी.
कारण: हे. ताम, वय बावीस.
"कॉफी फार वाईट मिळायची तेव्हा," त्या म्हणाल्या.
हे मत झालं, असं मी म्हणाले नाही.

परतीच्या बसमध्ये फोनवर अंगठा ठेवला.
त्यानं ओळखलं, लगेच.
बाहेर खाडी, जुलैची, सगळी पाण्याची,
दोन मुलं गुडघाभर आत जाऊन भांडत होती.
इंद्रेकला लिहायला घेतलं, आज मी काय केलं सांगू का,
आणि खोडलं.
आईलाच सांगावं आधी.
सोमवार होता,
दुपार कधीच उलटून गेली होती.